तेराव्याची हुडी

तीस वर्षं कापडाचं दुकान चालवूनही आपल्याला कपड्यातलं काही कळत नाही, हे मला आष्टीला बहिणीच्या सासऱ्यांच्या तेराव्याला, भरल्या मांडवात समजलं.

मूळ दोष आमच्या चिरंजीवांचा. सागर पुण्याला कॉलेजात गेला आणि सुट्टीत चार चाकं लावलेली एक फळी घेऊन वडवणीला आला. तिच्यावर उभा राहून तो आमच्या पेठेतून घसरायचा. आठवडी बाजारात भेंडीच्या ढिगात घुसला आणि हात मोडून घेतला. दुसऱ्याचं पोर रडलं असतं. आमच्यानं एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाला, "आप्पा, काय डिझाईन हाय बघा!"

त्याच हाडांवर त्यानं कपड्यांचा धंदा उभा केला. नाव ठेवलं 'सालटं'. आधी फळीवरून पडणाऱ्या पोरांसाठी चार टी-शर्ट छापले. मग न पडणारी पोरंही मागायला लागली. मग ज्यांच्या गाडीचं दारसुद्धा दुसरा उघडतो, तसली माणसं! शेवटी मुंबईत काचेचं दुकान झालं. मी मुद्दाम बघायला गेलो. बाहेर ही रांग, आणि आत एवढ्या मोठ्या दुकानात सात कपडे लटकलेले.

"अरे, माल भर की!"

"आप्पा, मालच कमी काढायचा. मिळंना झालं की मानूस येडं होतंय."

(मी तीस वर्षं गिऱ्हाइकाला गादीवर बसवून, चहा पाजून, ताग्यावर तागा उलगडत आलो. ते "उद्या येतो" म्हणून जायचं ते जायचंच.)

अशात आमच्या सुमीचे सासरे, तात्या, वारले. तेराव्याला घरच्या कर्त्या मुलाच्या अंगावर त्याच्या सासरच्यांनी नवे कपडे चढवायचे, ही आमच्याकडची रीत. म्हणजे दाजींच्या अंगावर मी. सुमीचा फोन आला.

"दादा, हात जोडते. वास्तुशांतीला तू आनलेला शर्ट पहिल्याच धुन्यात आखडून पोराला यायला लागला. जावा अजून टोमने मारतेत. या टायमाला माहेराची लाज राख. दुकानात पडून राह्यलेलं कायबी आनू नको."

मला राग आला. कारण ते खरं होतं.

मी कपाट उघडलं. सागरनं दिवाळीला माझ्यासाठी पाठवलेली हुडी कागदात गुंडाळलेली तशीच होती. कागदाच्या फटीतून दिसणारा दुधाळ रंग, हाताला साईसारखी मऊ. तसल्या मोजक्याच निघाल्या होत्या म्हणे. आता बघू कोणती जाऊ टोमणा मारते!

"उघडून बघा तरी एकदा," बायको म्हणाली.

"आहेराची घडी मोडत नसतात! कापडवाल्याला शिकवतेस?"

तेराव्याला मांडव गच्च भरला होता. समोर तात्यांचा हार घातलेला फोटो. बाजूला सुमीच्या सासूबाई, ज्या तेरा दिवसांत ना रडल्या होत्या ना कुणाशी धड बोलल्या होत्या. दाजी नुकतीच हजामत झालेलं डोकं घेऊन पाटावर बसले. मी गंभीर चेहऱ्यानं पुढे झालो आणि हुडी त्यांच्या डोक्यातून घातली.

ती हुडी तिघांच्या मापाची होती. दाजी आत गेले ते गेलेच.

"दाजी, हात कुठाय?"

"मलाबी घावना!" आतून आवाज आला.

दोघा पाहुण्यांनी बाह्या ओढल्या, तेव्हा डोकं बाहेर आलं. पुढून हुडी कोरी, शोभिवंत. मी सुमीकडे ताठ मानेनं बघितलं. तिनंही पदर सावरून जावांकडे बघितलं. मग दाजी फोटोला नमस्कार करायला वळले आणि त्यांची पाठ सगळ्या मांडवाला दिसली.

पाठीवर वीतभर जागा सोडली नव्हती. फळीवर उभा असलेला एक सांगाडा, दोन्ही हात हवेत पसरलेले, बत्तीस दात काढून हसत होता!

दाजींचे एक म्हातारे चुलते खाकरले. "हे काय आनलंय म्हनायचं, पाव्हनं?"

सुमीनं तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं असेल, रडते आहे. ती मला शिव्या देत होती. तिच्या मागे दोन्ही जावांच्या माना एकमेकींकडे झुकल्या, आणि मला मनापासून वाटलं, तात्यांच्या जागी आपण गेलो असतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. दाजींच्या पाठीशी गेल्या, त्या सांगाड्यावरून हात फिरवला.

"आवं, हे तं आमचं म्हातारं!" त्या म्हणाल्या. "घाटाच्या उताराला सायकलचं हँडल असंच सोडायचं. मी मागं बसलेली. पडसाल म्हनलं, तर असंच दात काढायचं. लई येळा म्हनलं वो... कदी ऐकलं न्हाई."

आणि त्या रडायला लागल्या, तेरा दिवसांचं सगळं. सुना धावल्या. दाजीही रडले. जरा वेळानं सासूबाईंनी हुडीची टोपी दाजींच्या उघड्या डोक्यावर ओढली आणि नीट बसवली. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं निम्मं सुटल्याचं होतं, हे मी कबूल करतो.

जेवणाच्या पंगतीत एक जाऊ सुमीला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुज्या भावानं लई इचार करून आनलं, बाई." सुमीची मान अशी वर झाली की विचारू नका.

निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली.

"दादा, मागचं चित्र तुला ठावं होतं?"

"म्हणजे काय! तात्यांची आठवण ठेवूनच मी..."

"दादा."

"न्हवतं."

तिनं डोळे पुसले. ती हसत होती की काय, कळलं नाही.

"एक कर," ती म्हणाली. "उद्या मी गेले तर अंगावर माहेरची साडी लागंल. ती सागरला निवडाया लाव. तू नुस्ता जेवायला ये."