रूळ न पडलेला फाटा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरातले अंगारे-धुपारे आजोबांनीच कायमचे बंद केले. माझे बाबा निवृत्त शिक्षक. 'तिथे काहीतरी आहे' असं गावात कुणी म्हटलं की मुद्दाम तिथे जाऊन डबा खाणारे! मीही त्याच घरची. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा...

आमचं गाव जयगडच्या अलीकडे. तिथल्या वीजप्रकल्पासाठी कोकण रेल्वेपासून एक फाटा यायचा होता. मोजणीवाले आले, लाल रंगाचे दगड पुरले गेले, बैठका झाल्या, भावाभावांत भांडणं लागली. गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभा तासून लांबलचक सपाट पट्टा काढला... आणि काम थांबलं. का थांबलं, ते दर निवडणुकीला वेगळं सांगतात. रूळ मात्र एकही पडला नाही.

मग गावाने तिथे वाळवणं घालायला सुरुवात केली. मासळी, कुळीथ, आमसुलं. पण चटया सगळ्या दोन्ही कडांना, मधला भाग मोकळा. विचारलं तर लोक विषय बदलतात. गेल्या मे महिन्यात मी रत्नागिरीहून सुट्टीला गेले होते, तेव्हा बाबांनी आमसुलांची चटई बरोब्बर मध्ये टाकली आणि छत्री उघडून कावळे हाकत बसले.

"रूळ नाय, तर गाडी कसली?" म्हणाले.

दुपार कलली होती. मी कडेला शेजारच्या सुलभाकाकीशी गप्पा मारत होते. तिची गुरं पट्ट्यावर रवंथ करत बसलेली. एकाएकी सगळी उठली. कुणी हाकललं नाही, काही नाही — अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला झाली आणि वरच्या वळणाकडे बघत उभी राहिली.

"तुझ्या बापसाला उठव गो," काकी म्हणाली. मी हसले. "मागाहून हस. आधी उठव त्यांना!"

तेवढ्यात चपलेखालची खडी थरथरायला लागली. वळणापाशी एक चटई फडफडली. मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची... ओळीने, आमच्या दिशेने. शेजारच्या काजूचं पानही हलत नव्हतं.

मी जीव खाऊन ओरडले. पण बाबांनी घाम येतो म्हणून कानाचं मशीन काढून खिशात ठेवलेलं, आणि त्याशिवाय त्यांना ढिम्म ऐकू येत नाही. मी धावले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. काखेत हात घालून ओढलं तर ते उठेनात, वर माझ्यावरच खेकसले. कसेबसे दोघं कडेला आपटलो, आणि अगदी जवळून वारा गेला. गरम, तापलेल्या लोखंडाच्या वासाचा... संपतच नव्हता. आवाज मात्र कसलाच नाही. निदान मला तरी नाही. बाबांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.

मग सगळं थांबलं. गुरं परत येऊन बसली.

वावटळ म्हणावं, तर ती वळण घेऊन नेमकी पट्ट्यातूनच कशी जाईल? सुरुंग म्हणावा, तर जवळची खडीची खाण त्या दिवशी बंद होती, मी चौकशी केली. बऱ्याच जणांना विचारलं, पटेल असं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच सांगा.

संध्याकाळी बाबांच्या सोललेल्या कोपराला मलम लावताना मी विचारलं, "तुम्ही कान का दाबले होते?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोंगा वाजवलान गो त्यानं. दोनदा वाजवलान. मीच नाय उठलो... उठलो असतो तर मानल्यासारखा झाला असता."