खालच्या फळीवरचा इसाक

आमच्या शेजारचे दाऊदचाचा दुपारी पडवीतल्या झोपाळ्यावर आडवे होत आणि भिंतीला पायाने रेटा देत राहत. झोका थांबला की डोळे उघडत. लढाईत त्यांचं मालवाहू जहाज शत्रूने बुडवलं होतं आणि वाचलेले खलाशी परमुलखातल्या कैदी छावणीत पडले होते.

"तिथं तारेच्या कुंपणापेक्षा जमिनीचा जाच," ते एकदा म्हणाले. "हलायचीच नाही. जहाजावर डुलत निजायची सवय, झोप कशी लागणार? निजायला एकावर एक फळ्या होत्या. मग खालच्या फळीवरचा, आमच्याच जहाजावरचा इसाक माझी फळी पायाने हलवत राहायचा."

घर सुटलं की माणसाला उशी परकी लागते. यांना अख्खी जमीनच परकी झाली होती.

"आणि इसाकला कोण हलवायचं?" मी विचारलं.

चाचांचा पाय भिंतीवरच राहिला.

"त्याच्या खाली जमीनच होती," ते म्हणाले.