डाव्या हातातल्या बांगड्या

डॉक्टरांनी माझ्या बायकोची, कमळीची, बोटं वाकवून पाहिली. ती वाकली नाहीत. मग ते मला म्हणाले, "याला स्क्लेरोडर्मा म्हणतात. कातडी कडक होत जाते, आतले अवयवसुद्धा. आता ते किडनीवर, म्हणजे मूत्रपिंडांवर आलंय. म्हणून ब्लडप्रेशर एवढं चढलंय. हे बरं करणारं औषध आमच्याकडे नाही."

स्वातंत्र्यानंतरचं दहावं-बारावं वर्ष असेल. रेवदंड्याहून तिला मुंबईच्या इस्पितळात आणलं होतं.

आम्हाला वाटायचं, मासळी खारवून हात राठ झालेत. थंडीत बोटं पांढरीफटक पडत, ती पदरात गुंडाळून बसे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या तेव्हा बाजारातल्या बायका हेवा करू लागल्या. मी चिडवायचो, "परत नवरी झालीस गो!" ती खुदकन हसायची. काय गोड दिवस होते ते!

मग डोकं दुखू लागलं, धाप लागू लागली, लघवी कमी झाली.

वॉर्डात तिचे हात सुजले. आम्हा कोळ्यांत लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या जन्मभर राहतात. त्या आता मांसात रुतल्या. नर्सबाई म्हणाल्या, "वाढवाव्या लागतील. जखम झाली तर भरणार नाही."

कमळीने हात पोटाशी घेतला. "माजा घोव दर्यावर जातंय. मी न्हाय काढाची."

"अगो, मी हितं समोर उभा हाय ना!"

"उद्या जाशील."

मी म्हणालो, "तू हायस तवर होडीत पाय ठेवाचा न्हाय." तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ऐन हंगामात माझी होडी वाळूत पडून होती आणि मी चुलीपुढे बिनमिठाची पेज ढवळत होतो. भात करपला की ती खाटेवरून मला नावं ठेवायची. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

एकदा तिने विचारलं, "कंटाला आला काय घरान बसून?"

"न्हाय गो."

"मना पन न्हाय," ती म्हणाली.

तुमच्या घरात कुणाची बोटं अशी पांढरी पडत असतील, तर आमच्यासारखं हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आजार मोठा निघाला, तर जवळ बसा.

कोळ्याची बायको जाते तेव्हा नवरा बहुतेक दर्यावर असतो, निरोप मिळायला दिवस जातो. कमळी गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या हट्टाचे उपकार आहेत.