आभाळासाठी गिरणी बंद

शेलूच्या वहिनी, गुडघा काय म्हणतो?
चौकचे अण्णा, खोकला थांबला का?
माथेरानवरच्या बाळू, घोड्याने पाडलेला हात हलतो का आता?

मी ठणठणीत.
आमच्या वसुधाताई मात्र आज पहाटे गेल्या.

नव्या पोरांसाठी सांगतो.
सत्तरच्या दशकात कर्जतजवळ, आमच्या भाताच्या गिरणीमागच्या माळावर मुंबईच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ दुर्बीण उभी केली होती. लोखंडी जाळीची मोठी तबकडी. ताई तिच्यावर काम करायच्या.

लांबच्या एका दीर्घिकेतून दोन प्रचंड झोत सुटतात. त्यांच्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांना शोधायची होती.
डोळ्याला दिसत काहीच नाही. तबकडीसमोरची दांडी जरा जरा फिरवायची. कोणत्या कोनात सिग्नल जोरात येतो, ते कागदावर चालणारं पेन सांगणार. त्या कोनावरून चुंबकाची दिशा.

कोन सापडला.
पण मुंबईचे मोठे साहेब म्हणाले, हा कोन आभाळातला नाही, तुमच्या तबकडीचाच दोष. पुढच्या महिन्यात दुर्बीण उतरवतोय, सामान बांधा.

ताई तडक गिरणीवर आल्या.
"किसनदादा, साहेब दुर्बीण उतरवतायत. मृगाचे तीन तारे उगवताना उभे असतात, मावळताना आडवे होतात ना? तसंच हे. दोष तबकडीचा असेल तर कोन जागचा हलणार नाही. कोन आभाळातला असेल तर आभाळाबरोबर वळेल. उद्या पहाटेपासून दुपारपर्यंत सलग बघायचंय. पण तुमची मोटर सुरू झाली की तिच्या विजेने माझं पेन नाचतं."

डिसेंबर महिना. दारात गोण्यांची रांग. कोणत्या तोंडाने बंद ठेवू?
रांगेत पुढेच पारूमावशी. लेकीचं लग्न तोंडावर, तांदूळ हवाच.
तिने ताईंकडे नीट बघून घेतलं.

"ठेव रं बंद. माजा तांदूळ दुपारच्याला बी व्हईल. हिचं पीक उभं हाय, आन् सायेब खळं मोडाया निगालाय."

मावशीच बोलल्यावर रांगेने गोण्या भिंतीला लावल्या.
मी दारावर खडूने लिहिलं : आभाळाचं काम चालू आहे. गिरणी दुपारी.

दुसऱ्या दिवशी सगळे गोण्यांवर चिडीचूप. कोणी खोकलं तरी मावशी डोळे वटारायची. खोकल्याने पेन हलत नाही, असं मी सांगून दमलो.

दुपारी ताई बांधावरून धावत आल्या. हातातला लांबलचक कागद मागे फडफडतोय.
"वळला, दादा. आभाळाबरोबर वळला."

मावशीने विचारलं, काय वळलं, कुठं वळलं? ताईंनी उभा हात हवेत हळूहळू आडवा करून दाखवला.
"मंग सरळ सांग ना गं, पीक आलं."

मी मोटर सुरू केली. लग्नाच्या त्या पहिल्या तांदळाने मावशीने ताईंची ओटी भरली. ताई हसत होत्या आणि रडतही होत्या.

साहेब स्वतः कागद बघायला आले. कोन स्वतः मोजून म्हणाले, "हे आकाशातलंच आहे."
दुर्बीण उतरली नाही. ताईंचं काम पुढे परदेशातही छापून आलं.

गिरणी आता नातू चालवतो. आज सकाळी दारावर मीच खडूने तेच लिहिलं. दुपारपर्यंत मोटर बंद.

ताई, तुमचं पीक घरात आलं. निवांत जा.

त्या रांगेत बसलेलं कोणी हे वाचत असेल, तर खाली दोन ओळी लिहा. लवकर लिहा, वाट बघतोय.

— किसनदादा