काकूचा वीर आणि रोमचा बादशहा

देव उजळायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे, कारण दुसरं कुठलंही काम मी केलं की ते बायकोला पुन्हा करावं लागतं. घट बसायच्या आदल्या दिवशी देवघरातले सगळे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, ताटात काढायचे आणि चिंच लावून घासायचे. यात बिघडण्यासारखं काही नाही, असा घरच्यांचा समज होता. ताट पुढं ठेवताना बायकोने एवढंच बजावलं होतं की काकूच्या वीराला घासायचं नाही, त्याला नुसतं पाणी घालायचं. मी हो म्हणालो. माझ्या ‘हो’ला किती अर्थ असतो, हे पंचवीस वर्षांच्या संसारात तिला एव्हाना कळायला हवं होतं.

मी वीराला घासलं. जुना टूथब्रश घेऊन घासलं.

घरातला माणूस परमुलखात अवेळी गेला की त्याला देवात बसवतात, त्याला वीर म्हणतात. हा वीर म्हणजे माझा थोरला चुलता, काकूचा नवरा. लग्नाला दोन वर्षं झाली असताना तो मेंढरं घेऊन तेरच्या अंगाला गेला आणि तापाने तिकडेच संपला. सोबतच्यांनी त्याला तिथंच अग्नी दिला. गावात परत आलं ते त्याचं घोंगडं, त्याचं कुत्रं आणि त्याच्या कमरेच्या गाठीत सापडलेला एक वाटोळा, भोक पाडलेला, चेहरा असलेला चांदीचा तुकडा. म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं की पोरगा स्वतःच टाक होऊन घरी आला. काकूने त्याला हळद लावली आणि देवात बसवलं. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं ते काकूनेच. चुलत्याचा फोटो नाही. पन्नासेक वर्षांच्या हळदीच्या थराखाली एक नाक तेवढं वर दिसायचं, आणि लहानपणापासून मी त्या नाकाला चुलता म्हणून नमस्कार करत मोठा झालो.

त्या दिवशी हळद गेली आणि ते नाक धरून सगळा माणूस बाहेर आला. जाड मान, कपाळावर बारीक कापलेले केस, डोक्याला पानांचा पट्टा. कडेने इंग्रजीसारखी मोठाली अक्षरं. मी शाळेत इतिहास शिकवतो. रोमन लोकांचा धडा मुलांना इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवला आहे की मधली सुट्टी कधी होते याची माझ्याइतकीच वाट तो धडाही बघत असेल. पुस्तकातल्या नाण्याच्या चित्रात पाहिलेला बादशहा माझ्या तळहातावर चिंचेच्या पाण्यात ओला होऊन बसला होता. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी ओसरीवर पळत गेलो आणि काकूला म्हणालो, “काकू, हा आपला न्हाई. हा रोमचा बादशहा हाय.”

काकू पानाला चुना लावत होती. तिने तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. पान तसंच राहिलं.

“मंग माझा माणूस कुठं हाय?” ती म्हणाली.

मला वाटलं, माहिती कमी पडली. मी आणखी दिली. म्हणालो, हा साधासुधा नव्हता, मेल्यावर त्याच्या लोकांनी त्याला देव केलं असेल, देवळं बांधली असतील. काकूने ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाली, “त्येंनी त्येंचा केला. मी माझा केलता. इतकी वर्सं मी कुणाच्या तोंडाला हळद लावली रं?”

मग तिने तो देवात ठेवला नाही. पदराच्या टोकाला पुसून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला, जसं पाहुण्याचं विसरलेलं काही ठेवतात. सकाळी घट बसणार होता. एकदा देव पानावर बसले की नऊ दिवस जागचे हलत नाहीत. उद्या तो बसला नाही तर त्या देवांत काकूचं म्हणून कुणीच असणार नव्हतं, आणि हे मी एका टूथब्रशाने केलं होतं. बायको आतून सगळं ऐकत होती. भांडी जरा जोरात ठेवत होती.

दुपारी मी लिंबाखाली बाजेवर पडलो. झोप लागली असं म्हणवत नाही, जागा होतो असंही नाही. पुढ्यात कट्ट्यावर बादशहा उन्हात चमकत होता. नांदूरघाटाकडून येणारा डांबरी रस्ता माझ्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांत मऊ होत गेला, त्याची पांढरी फुफाट्याची वाट झाली आणि तिच्यावरून तेरच्या तेव्हाच्या मोठ्या पेठेतून निघालेल्या बैलगाड्या चालायला लागल्या. गाड्यांत कापड होतं, इतकं तलम की गठ्ठा बांधला तरी वाऱ्यासारखा हलत होता. गाड्या पैठणला गेल्या, तिथून समुद्राकडे, जहाजं वाऱ्याची वाट बघत उभी. पार पलीकडे रोममध्ये कुणी बाई ते कापड नेसून जिना उतरत होती आणि तिचा सासरा कपाळाला हात लावून बसला होता की सूनबाई काही नेसली आहे की नाही. आणि त्याच वाटेने उलटे हे चांदीचे चेहरे येत होते, मिरीच्या नि कापडाच्या बदल्यात, नाक वर करून. एक चेहरा गाडीतून सांडला. त्यावर माती चढली, घरं चढली, घरं पडली. मग एका पावसाळ्यानंतर मेंढरांच्या खुरांनी पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची माती, उकरली गेली आणि खांद्यावर घोंगडं घेतलेला एक तरणा माणूस खाली वाकला. त्याने वर पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसणार तेवढ्यात शेळीने माझी चप्पल ओढली.

उठलो तेव्हा काकू कट्ट्यावर बसली होती, त्या तुकड्यापासून हातभर अंतर ठेवून. मी खाली बसलो. या खेपेला धडा सांगितला नाही, आठवलं तसं सांगितलं. रोमच्या लोकांच्याही घरात देवघर असायचं, भिंतीत छोटं. रोज दिवा, रोज जेवणातला घास. मोठ्या घरांत गेलेल्या माणसांचे मेणाचे चेहरे करून कपाटात ठेवायचे, कार्याच्या दिवशी बाहेर काढायचे.

“त्येंच्यातबी वीर असत्यात म्हन की,” काकू म्हणाली.

मी म्हणालो, तसंच काहीसं.

“मंग आता ह्येचं कोन करतं?”

कुणी नाही, मी म्हणालो. ते देव कधीच बंद झाले. ती घरं गेली, मेण वितळलं, दिवा लावणारं कुणी उरलं नाही.

मग काकूने जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. चुलता तापात पडला तेव्हा ज्या शेतात मेंढरं बसवली होती, त्या घरच्या बाईने त्याला ओसरीवर घेतलं होतं, तीन दिवस पाणी पाजलं होतं, शेवटी तोंडात तुळशीचं पान तिनेच घातलं होतं. काकूने त्या बाईला कधी पाहिलं नाही.

“त्येला तिकडं परक्याच्या दारात पानी मिळालं,” ती म्हणाली. “ह्यो आपल्या दारात आलाय. ह्येला का म्हून उठवून लावायचं?”

तिने तो उचलला आणि आत नेला.

सकाळी घट बसला. काकूने विड्याच्या पानावर बादशहाला ठेवलं आणि हळद लावायला घेतली. आधी पानांचा पट्टा गेला, मग अक्षरं, मग डोळे. ती लावत राहिली. शेवटी नाक तेवढं उरलं आणि मी सवयीने चुलत्याला नमस्कार केला. रोमविषयी घरात माझं कुणी ऐकत नाही, ही माझी जुनी तक्रार. त्या दिवशी काकूने ऐकलं, यावरच मी खूश होतो.

नैवेद्य दाखवताना ताट मला वेगळं वाटलं. वीराच्या ताटात भाकरीवर ठेचा ठेवायची पद्धत, चुलत्याला आवडायचा म्हणून. आज ठेचा कडेला होता आणि वरणावर काळं काही भुरभुरलं होतं. मी बायकोकडे पाहिलं.

“तुमीच सांगितलं हुतं न्हवं, त्येंच्या काळात मिरची न्हवती, मिरीवर लई जीव हुता म्हणून?” ती म्हणाली. “दोगं एका ताटात जेवणार. जरा बघून वाढावं लागतं.”