अप्पांची पदं, तीनदा

संगणकाचा आधी मला राग नव्हता, उलट कौतुकच होतं. परभणीच्या एका डीटीपी सेंटरवर मी मराठी टाइप करायला लागले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण अजून निवलं नव्हतं. आज बंद, उद्या बंदोबस्त. पिंगळीहून पॅसेंजरने यायचं, दिवसभर लग्नपत्रिका टाइप करायच्या आणि अवघडलेली मान चोळत परत जायचं.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, पिंगळीत किराणा दुकान होतं. महादेवाची पदं रचायचा त्यांना भारी नाद. सोमवारच्या भजनात त्यांचीच पदं चालत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, त्या दिवशी घरी आल्यावर अप्पा एवढंच बोलले, "माय, मला माझं पुस्तक एकदा डोळ्यानं बघायचं हाय."

मी म्हणाले, त्यात काय, महिन्यात होईल.

सेंटरच्या प्रिंटरवर अक्षरांच्या कडा दातेरी यायच्या. ते कागद दाखवायला नेले तर अप्पांनी हातसुद्धा लावला नाही. "ही रद्दी कशाला दावायलीस? पुस्तक आण." छपाईसाठी फ्लॉपी नांदेडच्या प्रेसला न्यावी लागे. डब्याच्या पिशवीत जपून नेली. तिथल्या संगणकाने ती उघडली, तर पडद्यावर डोक्यावर टोप्या आणि ठिपके घेतलेली कुठली कुठली परदेशी अक्षरं! महादेवाचं नाव औषधालाही नाही. प्रेसचे मालक शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा फाँट वेगळा, आमचा वेगळा. परत टाइप करून आणा." फाँट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने अक्षरांना नंबर दिलेले, आमच्या संगणकात जो नंबर 'क'चा, तोच त्यांच्याकडे भलत्याच अक्षराचा. सगळ्यांनी एकदा एकत्र बसून ठरवून टाकावं, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचू नये? परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सगळ्या कंपन्यांचा उद्धार केला.

त्यांचा फाँट मागून आणला आणि सगळी पदं पुन्हा टाइप केली. या खेपेला अक्षरं मराठी आली, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले आणि 'ळ'च्या जागी रिकामे चौकोन. मला दिलेला फाँट जुना होता, त्यांच्या मशीनवर नवा होता. आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. मी फ्लॉपी पिशवीत टाकली.

इकडे अप्पांना स्टेशनची पाटी दिसेनाशी झाली, मग समोरच्या माणसाचा चेहरा. गिऱ्हाईक दारात आलं की "कोण हाय?" विचारायला लागले. रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "झालं का?" त्या दोन शब्दांची मी इतकी धास्ती घेतली होती की घरी जाणंच नको वाटायचं.

शेवटी रजा टाकली आणि नांदेडला प्रेसच्याच संगणकावर बसून तिसऱ्यांदा टाइप केलं. बोटं आपोआप चालत होती, डोकं बधिर झालं होतं.

पुस्तक घेऊन आले तेव्हा अप्पा दुकानात गादीवर बसले होते. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला, मधलंच पान उघडलं आणि त्यावर अंगठा फिरवला. त्यांच्याकडची जुनी पुस्तकं शिशाच्या खिळ्यांनी दाबून छापलेली, अक्षरं कागदात रुतून बोटाला लागायची. हे पान अगदी गुळगुळीत.

"कोरंच हाय का गं?"

"न्हाई अप्पा, समदं छापलंय."

"मग वाच."

मी शेजारी टेकले, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सुरू केलं. उघडायची गरजच नव्हती. तीनदा टाइप करून सगळं पाठ झालं होतं. थोड्या वेळाने अप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"पान उलटल्याचा आवाज येईना, माय."

मी पुस्तक उघडलं, त्यांच्या कानाजवळ एक पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या पदापासून सुरुवात केली.