लुसाका ते आंधळगाव : फक्त आठ तास

मी माझ्या आत्याला दीड दिवस बर्फावर ठेवायला लावलं. लुसाकाहून मुंबईला विमान आठ तासांत येतं, या हिशेबावर. हिशेब बरोबर होता; मी भूगोलाचा मास्तर, अंतरं मला तोंडपाठ. ते विमान आठवड्यातून एकदाच उडतं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

पारबताआत्या गेली त्याला आता महिना होईल. तिचा मनोहर आधी जवळच चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता, मग आफ्रिकेत लुसाकाकडच्या तांब्याच्या खाणीत गेला. तेव्हा अंगणात धान वाळत घालताना तिनं विचारलं होतं, "कितीक दूर आहे रे मास्तर?" मी शाळेतला नकाशा आणून धानावरच पसरला, दोरा लावला आणि रुबाबात सांगितलं, "फक्त आठ तास, आत्या! आपल्या वरठी स्टेशनाहून मुंबईले जायले याच्याहून जास्त लागते." ती गावभर सांगत फिरली. पहिल्या दिवाळीला पोरगा आला नाही, दुसऱ्या नाही... तिसरीला तिनं मला धरलं. "आठच तास ना? मंग येत काहून नाही?" मी म्हटलं, "सुटी नसन." "तू कायले त्याची वकिली करून राहिला?" फार लांब आहे म्हणालो असतो, तर तिनं त्याला माफ केलं असतं. मी पोरगा जवळ आणून ठेवला, आणि तिला माफ करायला कारणच उरलं नाही.

नवरा गेल्यावर माहेरी परतलेली तिची लेक कमल, तिनंच आईचं हगणंमुतणं काढलं. आत्यानं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "मले आग कमल देईन. पोराची वाट पाहू नका." ती अत्यवस्थ झाल्यावर मी मनोहरला तार केली. ती गेली त्याच सकाळी उत्तर आलं, 'निघतो.' झालं! लेकीनं आग द्यावी की नाही, यावर भाऊबंद कुजबुजतच होते. त्यांना मी विमानच आणून दिलं. "उद्या दुपारी पोचते, थांबा." तलावावरून मासोळीवाल्यांचा बर्फ आला. ऐन उन्हाळा... वितळलेलं पाणी ओसरीतून अंगणात वाहत होतं आणि कमल एकटी ते फडक्यानं टिपत होती. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली, लोकांनी माझ्याकडं बघणंही सोडलं, तेव्हा तिनं उठून स्वतःच मडकं उचललं. अडवायला कुणी पुढं आलं नाही. वासानंच सगळ्यांचं धर्मशास्त्र संपवलं होतं.

पहिलं विमान भरलेलं निघालं; मनोहर दुसऱ्यानं पोचला, तेरवीच्या आदल्या दिवशी. आईच्या खाटेवर बसून राहिला. कमलनं त्याला चहा दिला, दोष दिला नाही. जायच्या दिवशी बॅग बांधता बांधता त्यानं मला सहज विचारलं, "वरठीहून मुंबईची गाडी कितीले आहे रे?"

मी तोंड उघडलं. भांडी घासणाऱ्या कमलनं मानही वर केली नाही.

"तो स्टेशनवर विचारून घेईन. तू चूप बस, दादा."